बर्फीचा वाकडा सुळा

दोस्तांनो, हा लेख वाचण्याआधी एक गंमत करा. तोंड मिटा, दातांवर दात ठेवा आणि जिभेचं टोक दातांच्या मागून हळूच फिरवा. काय जाणवलं? वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे आहेत. मागे दाढेवर दाढ टेकली आहे. कुठं काही टोचत नाही, काही अडकत नाही. दिवसातून कितीतरी वेळा आपण तोंड मिटतो, पण त्याचा विचार कधी करत नाही. करायची गरजच पडत नाही!

आता अशी कल्पना करा, की तुमचे खालचे दोन दात दाभणासारखे टोकदार आहेत आणि तोंड मिटलं, की ते थेट टाळूत रुततात. घास चावताना रुततात, आवंढा गिळताना रुततात, झोपेतसुद्धा रुततात. तुम्ही काय कराल? आईला सांगाल. आई दातांच्या डॉक्टरांकडे नेईल. पण ज्याला सांगताच येत नाही, त्यानं काय करायचं?

आमच्या बर्फीचं असंच झालं होतं. तिचीच ही हकिकत. घरात कुत्रा असेल, तर तुम्ही ती वाचाच; पण ज्यांच्या स्वतःच्या दातांना तारा लावल्या आहेत, त्यांनीही जरूर वाचा. का, ते पुढे कळेलच.

बर्फी म्हणजे लॅब्रडॉर जातीची कुत्री. रंग दुधाच्या बर्फीसारखा, म्हणून हे नाव. २०२२ साली ती पुण्यात आमच्या घरी आली, तेव्हा दोन महिन्यांची होती. आल्या दिवसापासून तिची खरी मालकीण झाली माझी भाची. ती शेजारच्याच इमारतीत राहते. तेव्हा ती आठवीत होती आणि तिच्या दातांना नुकत्याच तारा बसल्या होत्या. त्यामुळे फोटो काढायचा म्हटलं, की बाईसाहेब ओठ घट्ट मिटून उभ्या!

बर्फी पाच महिन्यांची झाली, तेव्हा वजन आणि तपासणीसाठी आम्ही तिला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कान पाहिले, डोळे पाहिले. मग एका हातानं तिचं तोंड अलगद धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ओठ वर केला. क्षणभर थांबले. मग तोंड उघडून टाळू पाहिली आणि भाचीला जवळ बोलावलं.

"हे बघ. काय दिसतंय?"

टाळूवर पुढच्या बाजूला दोन लालसर खळगे होते. पेन्सिलच्या टोकानं दाबावं, तसे.

"डॉक्टरकाका, हे काय आहे?"

"तिच्या खालच्या सुळ्यांचे ठसे. तोंड मिटलं, की ते इथं रुततात."

"पण ती तर व्यवस्थित जेवते! रडत नाही, काही नाही."

"कुत्री दातदुखी लपवतात, बाळा. दुखत असलं, तरी जेवतात. म्हणून तर ओठ उचलून बघायचं."

आता हे समजून घ्यायचं, तर आधी कुत्र्याचं तोंड कसं असतं, ते पाहायला हवं. 

आपल्याला दुधाचे दात २० आणि कायमचे ३२. कुत्र्याला दुधाचे २८ आणि कायमचे ४२! वरच्या जबड्यात २० आणि खालच्या जबड्यात २२. त्यांत पुढचे सहा वर आणि सहा खाली, असे बारीक पटाशीचे दात. सुताराची पटाशी जशी तासते, तसे हे दात कुरतडायच्या कामाचे. त्यांच्या दोन्ही कडांना सुळे, वर दोन आणि खाली दोन. पकडायचं, धरून ठेवायचं काम त्यांचं. त्यांच्या मागे उपदाढा आणि दाढा.

आणि हे सगळे दात एकमेकांत कसे बसतात, ते बघण्यासारखं असतं. वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या अगदी थोडे पुढे असतात, कात्रीच्या दोन पात्यांसारखे. वरचा कडेचा पटाशीचा दात आणि वरचा सुळा यांच्यामध्ये एक फट असते. तोंड मिटलं, की खालचा सुळा बरोब्बर त्या फटीत जाऊन बसतो. हिरडीच्या बाहेरच्या बाजूनं, कुणालाही धक्का न लावता. कुलपात किल्ली बसावी तसा!

बर्फीच्या तोंडात किल्ली कुलपाबाहेरच राहिली होती. तिचे खालचे सुळे बाहेर झुकायच्याऐवजी सरळ वर उगवत होते. फटीत जायचं सोडून ते आत, टाळूवर जाऊन आदळत होते.

असं का झालं? उत्तर ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. दुधाचे दात वेळेवर पडले नव्हते, हे त्यामागचं एक कारण होतं.

आपले दात बदलायला सहाव्या-सातव्या वर्षी सुरुवात होते आणि ते काम बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत चालतं. कुत्र्यांना इतका वेळ कुठला? जन्मतः पिल्लाला दात नसतात. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात यायला लागतात. साडेतीन-चार महिन्यांचं झालं, की ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत सगळे कायमचे दात हजर! म्हणजे आपल्याला ज्या कामाला सहा-सात वर्षं लागतात, ते पिल्लू जेमतेम तीन-चार महिन्यांत उरकतं. त्या दिवसांत चपला, सोफे, टेबलांचे पाय का कुरतडले जातात, ते आलं ना लक्षात?

आता गंमत अशी, की खालचा कायमचा सुळा दुधाच्या सुळ्याच्या थेट खालून येत नाही. तो त्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिभेकडे उगवतो. दुधाचा सुळा पडला, की जागा मोकळी होते आणि नवा सुळा हळूहळू बाहेर सरकतो. पण जुना सुळा हटलाच नाही तर? नव्याला आतच थांबावं लागतं. वरच्या जबड्यातही तसंच. तिथं नवा सुळा जुन्याच्या पुढे उगवतो. जुना हटला नाही, तर नवा पुढेच राहतो आणि ती मघाची फट अरुंद होते. झाली ना दुहेरी पंचाईत?

डॉक्टरांनी हे भाचीला फार छान समजावलं. म्हणाले, "एका खोलीत दोन भाडेकरू राहू शकत नाहीत. नवा आला, की जुन्यानं जायलाच हवं. जुना जात नसेल, तर आपण त्याला बाहेर काढायचं. लवकर काढायचं." एकाच जागी दुधाचा आणि कायमचा, असे दोन दात दिसले, की थांबायचं नाही, हा प्राण्यांच्या डॉक्टरांचा नियमच आहे. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींमध्ये हा प्रकार जास्त दिसतो. पण लॅब्रडॉरमध्येही खालचे सुळे आत वळलेले आढळतात.

"पण राहू दिले तसेच, तर काय होईल?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "पिल्लू वाढतंय, सुळाही वाढतोय. आज खळगा आहे, उद्या जखम होईल. तिथं अन्न अडकेल, पू होईल. आणि टाळूच्या वर काय असतं? नाक. भोक आरपार गेलं, तर खाल्लेलं अन् प्यायलेलं पाणी नाकात जाणार. मग शिंका, नाकातून घाण, सारखा संसर्ग."

भाचीनं आपल्या तारांवरून जीभ फिरवली. मला ते दिसलं.

"मग तिला तारा लावणार?" तिनं विचारलं.

डॉक्टर हसले. पण प्रश्न काही वेडा नव्हता. कुत्र्यांच्या दातांनाही तारा, रबर लावून ते सरकवता येतात. परदेशांत प्राण्यांच्या दातांचे खास डॉक्टर असतात. अमेरिकेत तर त्यांची स्वतंत्र संस्थाच आहे. अमेरिकन व्हेटरनरी डेंटल कॉलेज हे तिचं नाव. या संस्थेनं वाकड्या चाव्याचे चार प्रकार सांगितले आहेत. पहिला : जबडे ठीक, पण एखादा दात चुकीच्या दिशेला. दुसरा : खालचा जबडा आखूड. तिसरा : खालचा जबडा वरच्यापेक्षा लांब. चौथा : जबड्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत, तोंड एकीकडे कललेलं. आमच्या बर्फीचा प्रकार पहिला. जबडे अगदी छान, फक्त दोन सुळ्यांची दिशा चुकलेली. त्यामुळे आशेला जागा होती.

डॉक्टरांनी चार वाटा समोर ठेवल्या. सगळ्यांत सोपी वाट पहिल्यांदा.

पहिली वाट : अडून बसलेले दुधाचे सुळे काढायचे आणि मग नव्या सुळ्यांना बाहेर ढकलायला रबरी चेंडूची मदत घ्यायची. हो, चेंडू! तो कसा, ते पुढे सांगते.

दुसरी वाट : वरच्या सुळ्यांवर दातांच्या सिमेंटची छोटीशी घसरगुंडी बांधायची. तोंड मिटलं, की खालचा सुळा त्या उतारावर टेकतो आणि बाहेर घसरतो. दिवसभर तोंड मिटता मिटता काही आठवड्यांत तो जागेवर जातो. मग घसरगुंडी काढून टाकायची. पण ती बसवताना भूल द्यावी लागते आणि काढतानाही. आपण दातांच्या खुर्चीत 'आ' करून बसतो, तसं कुत्रं थोडंच बसणार?

तिसरी वाट : सुळ्याचं टोक कापून तो बुटका करायचा आणि आतली उघडी पडलेली नस औषध घालून, वरून सिमेंट भरून बंद करायची. त्यानंतरही दात जिवंत आहे ना, हे एक्स-रे काढून अधूनमधून पाहावं लागतं.

चौथी वाट : सुळाच काढायचा. पण खालच्या सुळ्याचं मूळ बाहेर दिसणाऱ्या दातापेक्षाही लांब असतं आणि जबड्याचा मोठा भाग व्यापतं. म्हणून हा उपाय शेवटचा.

आम्ही पहिली वाट धरली. एक्स-रे झाले. बर्फीला भूल देऊन दुधाचे सुळे काढले. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. दुधाच्या सुळ्याचं मूळ लांब आणि बारीक असतं. ओढाताण केली, तर ते आत मोडतं आणि शेजारच्या नव्या दातालाही इजा होते. तेव्हा घरी हलवून हलवून, पक्कड लावून पिल्लाचा दात काढायचा उद्योग कुणीही करू नये. मोठ्यांनीसुद्धा!

घरी आल्यावर बर्फी दिवसभर झोपून होती. भाचीही तिच्या शेजारी सतरंजीवर पडून राहिली. "मावशी, तिला आपण सांगू शकत नाही ना, की हे तिच्या बऱ्यासाठी आहे," ती म्हणाली. "मला निदान कळतं तरी." त्या दिवशी पहिल्यांदाच ती आपल्या तारांबद्दल कुरकुर न करता बोलली.

जखमा भरल्यावर दहा-बारा दिवसांनी डॉक्टरांनी चेंडू सुरू करायला सांगितला. ही युक्ती साधी आहे, पण ऐकीव नाही. बेल्जियमच्या लीन व्हर्हार्ट या पशुवैद्यक बाईंनी आत वळलेल्या सुळ्यांच्या पिल्लांसाठी अशी रबरी खेळणी वापरून पाहिली आणि १९९९ साली प्राण्यांच्या दंतवैद्यकाच्या नियतकालिकात त्यावर निबंध लिहिला. पिल्लानं खेळणं तोंडात पुढच्या बाजूला धरायचं, रोज तीनदा, दर वेळी साधारण पंधरा मिनिटं. चेंडू खालच्या दोन सुळ्यांच्या मधे बसतो. पिल्लू तोंड मिटतं, चेंडू थोडा दबतो आणि दोन्ही सुळ्यांना बाहेर रेटतो. बस्स, एवढंच!

पण चेंडू कसाही चालत नाही बरं का. डॉक्टरांनी सुळ्यांमधलं अंतर मोजलं आणि त्याहून थोडासाच मोठा चेंडू सांगितला. फार लहान असेल, तर गिळला जाईल. फार कडक असेल, तर दात तुटेल. टेनिसचा चेंडू नको, कारण त्याचं खरखरीत कापड आणि त्यात बसलेली माती दात झिजवते. मऊ, पण भरीव रबर हवं. आणि सुळा अजून वाढत असतानाच हे करायचं. पिल्लू मोठं झालं, दात पूर्ण उगवून घट्ट बसले, की चेंडूचा उपयोग नाही.

आमच्या चेंडूला आरपार भोक होतं. भाचीनं त्यातून सुती दोरी ओवली. दोरीचं टोक हातात धरून ती बर्फीसमोर मांडी घालून बसायची. पहिले चार दिवस नुसता गोंधळ! बर्फी चेंडू मागच्या दाढांखाली घ्यायची आणि चावायची. मागे चावून उपयोग काय? तो पुढेच धरायला हवा. मग भाचीनं नियम केला. चेंडू पुढे धरला, की शाबासकी आणि उकडलेल्या अंड्याचा कण. मागे नेला, की खेळ बंद. बर्फी लॅब्रडॉर! खाण्यासाठी ती काय वाटेल ते शिकेल. आठवडाभरात ती चेंडू पुढच्या दातांत धरून ऐटीत घरभर फिरायला लागली.

सकाळी शाळेआधी, संध्याकाळी आणि रात्री जेवणानंतर. भाचीनं आलेखाच्या कागदावर तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. दर रविवारी मी बर्फीचा ओठ उचलायचा आणि तिनं मोबाइलवर फोटो काढायचा. एक रविवार, दुसरा रविवार... फरक काही दिसेना. तिसऱ्या रविवारी ती ओरडली, "मावशी! डावा बाहेर आलाय!" खरंच, डाव्या सुळ्याचं टोक हिरडीच्या बाहेर आलं होतं. उजवा मात्र हट्टी निघाला.

नुसता चेंडू तोंडात धरून दात सरकतो कसा? हाडात घट्ट रुतलेला दात! हा प्रश्न तारा लावलेल्या प्रत्येकाला पडायला हवा. हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असतं. दातावर हलका, पण नेमानं दाब आला, की ज्या बाजूला दात दाबला जातो, तिकडचं हाड हळूहळू विरघळतं. मागे जी जागा मोकळी होते, तिथं नवं हाड तयार होतं. दात असा हाडातून वाट काढत सरकतो. दाब फार मोठा झाला, तर हे काम नीट होत नाही. म्हणून तुमचे डॉक्टर तारा एकदम न आवळता थोड्या थोड्या आवळतात.

आणि दोस्तांनो, हे माणसाला कळलं कसं, ठाऊक आहे? १९०४-०५ च्या सुमारास स्वीडनमधल्या कार्ल सँडस्टेट यांनी दातांवर दाब देऊन ते सरकवले आणि भोवतालच्या हाडात काय बदल होतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ते दात कुणाचे होते? कुत्र्याचे! म्हणजे आज तुमच्या तोंडात जी तार आहे, तिच्यामागच्या विद्येत कुत्र्यांचाही वाटा आहे. हे मी भाचीला सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग बर्फीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "मग पंधरा मिनिटं म्हणजे काहीच नाही."

सात आठवड्यांनी आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. खरं सांगते, मला धाकधूक होती. उजवा सुळा अजून टाळूला लागत असेल, तर घसरगुंडी बांधावी लागणार होती, म्हणजे पुन्हा दोनदा भूल. डॉक्टरांनी तोंड मिटवून दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग उघडून टाळू पाहिली. खळगे भरून आले होते! डावा सुळा आपल्या फटीत नीट बसला होता. उजवाही टाळूपासून सुटून हिरडीच्या बाहेर आला होता. पण तो सरळ नव्हता. थोडा तिरकाच राहिला होता.

"झालं काम," डॉक्टर म्हणाले.

"पण काका, उजवा अजून वाकडाच आहे की!" भाची म्हणाली. "तो सरळ नाही करायचा?"

"तो कुठं टोचतोय का?"

"नाही."

"दुसऱ्या दाताला घासतोय? हिरडीला लागतोय?"

"नाही."

"मग तिला काय हवंय? तिला आरशात बघायचंय, की लग्नाचे फोटो काढायचेत? तिला न दुखता तोंड मिटता यायला हवं होतं, ते येतंय. आता नुसता तो सरळ दिसावा म्हणून तिला भूल द्यायची, तर ते तिच्यासाठी नाही, आपल्यासाठी होईल."

मला वाटतं, त्या दिवशी डॉक्टरांनी जे सांगितलं, ते या सगळ्या विषयाचं सार आहे. कुत्र्याचा दात वाकडा आहे म्हणून उपचार नसतो. तो दुखवतो म्हणून असतो. वाकडा, पण निरुपद्रवी असेल, तर तसाच राहू द्यावा. बुलडॉग, बॉक्सर, पग यांचा खालचा जबडा पुढे असतोच, आणि त्यांच्या जातीत तेच योग्य मानतात. पण तिथंही एखादा दात हिरडीत रुतत असेल, तर 'जातच तशी' म्हणून सोडून द्यायचं नसतं. प्रश्न एकच : दुखतं का?

आणखी एक गंमत ऐका. डावा सुळा फटीत बसल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता हा परत आत जाणार नाही. वरचे दातच त्याला धरून ठेवतील." आपले दात मात्र तारा काढल्यावरही परत फिरायला बघतात, म्हणून रात्री ते प्लास्टिकचं आवरण घालून झोपावं लागतं. भाचीनं डोळे मोठे केले. "हिला ते घालावं लागणार नाही? ही तर लबाडी झाली!"

आता थोडं आईबाबांसाठी.

बर्फी वर्षाची झाली, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "तुमची कुत्री छान आहे. दातही आता ठीक झालेत. आमच्या कुत्र्याशी तिची जोडी लावू या का? पिल्लांना भाव चांगला येईल." ते चांगल्या मनानं म्हणाले होते. पण आम्ही नको म्हटलं. का? दात आम्ही बाहेरून सरकवले. रक्तातली गोष्ट तशीच आहे. जबड्याची ठेवण, दातांची दिशा बऱ्याचदा आईबापांकडून येते. बर्फीच्या पिल्लांनाही टाळूत रुतणारे सुळे मिळण्याचा धोका होता. आणि त्या पिल्लांना चेंडू धरायला शिकवणारी ताई मिळेलच, याची खात्री काय?

अमेरिकन केनेल क्लबच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनांत यासाठी नियमच आहे. दातांना तारा लावून किंवा दातांची रांग बदलून कुत्र्याचं रूप सुधारलं असेल, तर त्याला स्पर्धेत भाग घेता येत नाही. कारण जन्मजात दोष झाकून बक्षीस मिळवलं, की त्याच कुत्र्याची पिल्लं लोक विकत घेतात आणि दोष पुढच्या पिढीत जातो. दुखणं दूर करणं वेगळं आणि दोष लपवणं वेगळं. वर्ष उलटल्यावर आम्ही बर्फीची नसबंदी केली. त्याच भुलीत डॉक्टरांनी सुळ्यांचे एक्स-रेही काढले. मुळं ठणठणीत निघाली.

तुमच्याकडे पिल्लू असेल किंवा येणार असेल, तर एवढं करा. आईबाबांपैकी कुणाला तरी बरोबर घ्या. पिल्लू शांत असताना एका बाजूचा ओठ हळूच उचला. तोंड उघडू नका, मिटलेलंच राहू द्या. खालचा सुळा वरच्या फटीत बसलाय का? एका जागी दोन सुळे दिसतायत का? दोन्ही बाजू सारख्या आहेत का? पिल्लू दोन महिन्यांचं असताना एकदा पाहा आणि मग दात बदलायच्या काळात दर आठवड्याला. त्या काळात खेळण्यावर रक्ताचा एखादा ठिपका दिसला, तर घाबरू नका. दात पडताना तसं होतं. पण सुळा टाळूत रुतताना दिसला, तोंडाला वास यायला लागला किंवा पिल्लू पंजानं सारखं तोंड खाजवायला लागलं, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. 'मोठं झाल्यावर बघू' म्हणू नका. पिल्लाचे दिवस फार भरभर जातात. पाचव्या महिन्यात जे चेंडूनं होतं, त्याला वर्षभरानंतर भूल आणि हत्यारं लागतात.

आणि हे फक्त आपल्या घरच्या, आपल्याला ओळखणाऱ्या, रेबीजची लस टोचलेल्या कुत्र्याच्या बाबतीत. रस्त्यावरच्या किंवा दुसऱ्याच्या कुत्र्याच्या तोंडाजवळ हात अजिबात न्यायचा नाही! कुठल्याही कुत्र्याचा दात लागला, साधा ओरखडा आला, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, घरी सांगायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. मार बसेल, ओरडा मिळेल, म्हणून लपवायचं नाही.

बर्फी आता मोठी झाली आहे. तिचा उजवा सुळा अजून तिरका आहे. झोपली, की एका बाजूनं त्याचं टोक ओठाबाहेर डोकावतं आणि ती हसतेय, असं वाटतं. भाचीच्या तारा यथावकाश निघाल्या. तिच्या खोलीत एक फोटो लावलेला आहे. तारा असतानाचाच आहे तो. त्यात बर्फीच्या तोंडात चेंडू आहे आणि शेजारी ही सगळे दात, सगळ्या तारा दाखवून हसते आहे.